नऊ अंश

दोन वर्षांपूर्वी मी एका मशिदीच्या फरशीवर रेघा आखल्या. त्या नऊ अंशांनी चुकतायत हे मला आखतानाच कळलं होतं. तरी मी बोललो नाही. उलट, न बोलण्यात आपण किती समजूतदार आहोत असं वाटून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. हा लेख त्या न बोलण्याबद्दल आहे.

तेव्हा मी आर्किटेक्चरची डिग्री घेऊन नुकताच छत्रपती संभाजीनगरला परत आलो होतो. जुन्या शहरात, सिटी चौकाजवळच्या एका गल्लीत, एक छोटी मशीद आहे. बीबी का मकबरा पाहायला येणारे पर्यटक तिकडे कधी फिरकत नाहीत. तिची फरशी उखडली होती. कमिटीतले एक चाचा माझ्या वडिलांचे जुने स्नेही. शहागंजात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ते म्हणाले, "बेटा, तू नकाशा काढून दे, मिस्त्री आमचा आहे." काम एवढंच होतं, की पांढऱ्या फरशीत काळ्या पट्ट्या बसवायच्या. नमाजाला लोक ओळीने उभे राहतात, त्या ओळीला सफ म्हणतात. पट्टीवर टाच ठेवली की सफ सरळ लागते.

पट्ट्या मेहराबच्या भिंतीला समांतर घ्यायच्या होत्या. मेहराब म्हणजे भिंतीतला तो कमानदार कोनाडा, जो मक्केतल्या काबाची दिशा दाखवतो. या दिशेला किब्ला म्हणतात. मी सहज, कुतूहल म्हणून, फोनवर किब्ल्याचं ॲप उघडलं. बाण भलतीकडेच गेला, भिंतीपासून तीस अंश तरी. मग लक्षात आलं, माझ्या फोनच्या कव्हरला लोहचुंबक आहे. कव्हर काढलं, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला, बाण स्थिरावला. मेहराब बरोबर पश्चिमेला होती. बाण तिच्या उजव्या हाताला, नऊ अंश उत्तरेकडे.

चाचा तेव्हा हौदावर वजू करत होते. त्यांच्याकडे पाहत मी मनात हिशोब मांडला. ही माणसं चाळीस वर्षं या भिंतीकडे तोंड करून कपाळ टेकवतायत. आता त्यांना नऊ अंश सांगून काय मिळणार? माझी आजी रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून जप करायची. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर तिची पूर्व म्हणजे बेडरूमची खिडकी. ती खिडकी आग्नेयेला आहे हे आम्ही तिला कधी सांगितलं नाही. आणखी एक कारण होतं, ते कबूल करायला हवं. माझं आडनाव, हे शहर आणि आजचे दिवस पाहता, 'तुमच्या मशिदीची भिंत चुकली आहे' हे वाक्य माझ्या तोंडून कसं ऐकू जाईल, याची मला भीती वाटली. मी कव्हर परत चढवलं आणि मिस्त्रीला म्हणालो, "भिंतीला समांतर घ्या."

---

आता हे नऊ अंश येतात कुठून, ते सांगतो.

आपलं शहर १९.८८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.३४ अंश पूर्व रेखांशावर आहे. मक्का २१.४२ उत्तर, ३९.८३ पूर्व. म्हणजे मक्का आपल्यापेक्षा जेमतेम दीड अंश उत्तरेला आणि साडेपस्तीस अंश पश्चिमेला. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते, फार तर अडीच-तीन अंश वर. पण पृथ्वी सपाट नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचं एक टोक आपल्या शहरावर ठेवा, दुसरं मक्केवर, आणि दोरा ताणा. दोरा निघतानाच उत्तरेकडे झुकलेला दिसेल. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान नकाशावर उगाच वरून वळसा घेतल्यासारखं दिसतं, त्याचं कारणही हेच. हिशोब केला तर आपल्याकडून मक्केची दिशा पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे येते, अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर. दिल्लीहून हीच दिशा पश्चिमेच्या तीनेक अंश दक्षिणेला जाते. 'हिंदुस्थानातून मक्का पश्चिमेला' हे ढोबळ ज्ञान म्हणून ठीक आहे, पण जुन्या शहरातल्या त्या मेहराबपासून नाकासमोर ३,७०० किलोमीटर गेलात तर मक्केच्या साडेपाचशे किलोमीटर दक्षिणेला, तांबड्या समुद्रात पोहोचाल.

हा प्रश्न आजचा नाही. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने शहरांमधली अंतरं आणि स्थानं कशी ठरवायची यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात गझनीहून मक्केची दिशा कोणती हा हिशोब एकाहून अधिक रीतींनी करून दाखवला. अक्षांश सूर्यावरून किंवा ध्रुवताऱ्यावरून काढता येतो. रेखांश काढणं महाकठीण होतं. त्यासाठी त्याने इ. स. ९९७ मध्ये एका चंद्रग्रहणाची वेळ आपल्या गावी मोजली आणि बगदादमध्ये अबुल वफा या गणितज्ञाने तीच मोजली. दोन वेळांमधला फरक म्हणजे दोन गावांच्या रेखांशांमधला फरक. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा सांभाळणाऱ्या अल-खलीलीने तर कोष्टकंच तयार केली: तुमचा अक्षांश शोधा, मक्केपासूनचा रेखांशातला फरक शोधा, दोन्ही मिळतात तिथला आकडा वाचा. आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे बहमनी सुलतान फिरोजशहाने १४०७ मध्ये दौलताबादच्या घाटावर वेधशाळा बांधायला घेतली होती. ज्या हकीमाच्या भरवशावर ते काम होतं तो वारला आणि ते अपुरं राहिलं. दौलताबादला आपण किल्ला चढतो, अंधारीत आरडाओरडा करतो, फोटो काढून परत येतो. या डोंगरांत कुणी तरी आकाश मोजायला निघालं होतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

या गणिताच्या पोटी जी उपकरणं जन्माला आली, ती फार देखणी आहेत. किब्लानुमा म्हणतात त्यांना. पितळेची छोटी डबी, आत होकायंत्राची सुई, कधी ती सुई पक्ष्याच्या आकाराची, झाकणाच्या आतल्या बाजूला शहरांची नावं आणि प्रत्येकापुढे अंश, कडेने वेलबुट्टी. सगळ्यांत थक्क करणारी वस्तू सतराव्या शतकातल्या सफवी इराणची आहे. पितळेची गोल तबकडी, तिच्यावर रेषांचं जाळं कोरलेलं, मध्यभागी मक्का, भोवती स्पेनपासून चीनपर्यंतची शहरं. केंद्रावर फिरणारी पट्टी आपल्या शहरावर आणायची. पट्टी कडेवर जिथे टेकते ती दिशा, आणि पट्टीवरचा आकडा म्हणजे मक्केचं अंतर. अशी पहिली तबकडी १९८९ मध्ये लंडनमध्ये लिलावात आली, तेव्हा अभ्यासक चक्रावले. डेव्हिड किंग या इतिहासकाराने पुढे या तबकड्यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, १९९९ मध्ये.

या वस्तूंचे फोटो पाहताना मला एक गोष्ट खटकत राहते. सुई सुंदर असते, पण तिला मक्का माहीत नसते. तिला फक्त उत्तर दिशा कळते. मराठीत हा शब्दांचा खेळ आपोआप होतो: सुई उत्तर दाखवते, उत्तर देत नाही. उत्तरेपासून किती वळायचं हा आकडा माणसाला घालावा लागतो, आणि तो घालण्यासाठी आधी आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक असावं लागतं. दुसरं असं, की कोरलेला आकडा खोडता येत नाही. ज्या काळी रेखांश चुकत, त्या काळी सुबक अक्षरांत कोरलेली चूकही शतकानुशतकं तशीच राहिली. नक्षी जितकी मन लावून केलेली, तितकी आतल्या आकड्याबद्दल शंका घ्यायची इच्छा कमी. दगडी मेहराबचंही तसंच होतं. आणि माझ्या काळ्या पट्ट्यांचंही.

---

पट्ट्या बसल्यानंतर साधारण वर्षभराने, एप्रिलमध्ये, घड्याळाचा पट्टा बदलायला मी चाचांच्या दुकानात गेलो. त्यांच्या पुढ्यात एक किब्लानुमा उघडून पडला होता. कुणी तरी हजहून आणलेला, नवाच, पण जुन्या घाटाचा: पितळेचं झाकण, त्यावर काबाचं चित्र, आत ४० भाग केलेली तबकडी. सोबत एक पुस्तिका, तीत शहरांची नावं आणि प्रत्येकापुढे आकडा. सुई त्या आकड्यावर आणली की बाण किब्ला दाखवतो. सुई अडकत होती म्हणून गिऱ्हाईकाने दुरुस्तीला टाकलेला. चाचांनी भिंग डोळ्याला लावून चिमट्याने टोक साफ केलं, सुई डुलली आणि थांबली.

"मस्त चलती अब," ते म्हणाले. "पण यात मुंबईचा आकडा आहे, आपला नाही. तू तर नकाशेवाला. अपने शहर का कितना?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी 'बघून सांगतो' म्हणू शकलो असतो. पण सरळ विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं आणि न विचारलेल्या प्रश्नावर गप्प बसणं यांत आपण मनाशी जो फरक करून ठेवलेला असतो, तो त्या क्षणी मला पुरला नाही.

"पश्चिमेपासून नऊ अंश उत्तरेला," मी म्हणालो.

चाचांनी भिंग काढलं. "और अपनी दीवार?"

"सीधी पश्चिम."

"तुला कधी कळलं?"

"फरशीच्या वेळी."

ते बराच वेळ बोलले नाहीत. दुकानातली घड्याळं आपापल्या वेळा दाखवत टिकटिकत होती. मग ते म्हणाले, "म्हणजे एक वर्ष आमच्या वतीने तू ठरवलंस."

मी सारवासारव केली. म्हणालो, चाचा, तुमच्या मनाला लागेल असं वाटलं. चाळीस वर्षांच्या नमाजांचं काय, असं तुमच्या मनात येईल.

"चालीस साल की नमाज कहीं नहीं जाती," ते म्हणाले. "हमको जो मालूम था, उस पर पढ़ी. पर कल की नमाज का क्या? ती मी माहिती असून पढणार की नसून, हे मला ठरवू द्यायचं होतंस ना."

---

त्यांच्या या वाक्यात किती जुना विचार आहे, ते मला नंतर कळलं. मशिदीच्या मौलानांशी बोललो, थोडं वाचलं. किब्ल्याचा प्रश्न इस्लामी धर्मशास्त्राने दिशेपुरता ठेवलेलाच नाही. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. हिजरतीनंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे ६२४ च्या सुमारास, ती दिशा मक्केकडे वळली. म्हणजे दिशा ही बदलू शकणारी गोष्ट आहे, हे या परंपरेच्या पायातच आहे. भलाई म्हणजे पूर्वेकडे की पश्चिमेकडे तोंड करणं नव्हे, अशा अर्थाचं सांगणं खुद्द कुराणात आहे. दूर राहणाऱ्यांनी नेमकं काबावर टोक धरण्याची गरज नाही, त्या बाजूला तोंड असलं की पुरे, असं हनफी पंथाचं मत आहे, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतची मोकळीक सांगितली जाते. नऊ अंश म्हणजे त्यापुढे काहीच नाहीत.

पण मला जे थांबवून गेलं ते वेगळं. समजा, एखादा प्रवासी अंधाऱ्या रात्री अनोळखी जागी आहे. तारे दिसत नाहीत, विचारायला कुणी नाही. त्याने जमेल तेवढा विचार करून एक दिशा ठरवली आणि नमाज पढली. सकाळी कळलं, दिशा चुकली होती. त्याची नमाज झाली, पुन्हा पढायची गरज नाही. आता दुसरा प्रवासी. त्यानेही विचार करून एक दिशा ठरवली, पण ती सोडून भलत्याच दिशेला तोंड केलं, आणि सकाळी कळलं की योगायोगाने तीच दिशा बरोबर होती. अबू हनीफांच्या मते याची नमाज झाली नाही. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांचं मत याच्या उलट आहे, म्हणजे वाद जुना आणि खराखुरा आहे. पण अबू हनीफांचा निवाडा मनात ठेवून पाहा: चुकलेला पास, बरोबर आलेला नापास.

परीक्षेत बरोबर उत्तराला गुण मिळण्याची सवय असलेल्या आपल्या पिढीला हे उलटं वाटेल. मला आधी वाटलं, यात अचूकतेला काही किंमतच नाही. मग अल-बिरुनीने ग्रहणांच्या वेळा मोजण्यात आयुष्य कशाला घालवलं? हळूहळू ध्यानात आलं की दोन्ही एकाच बाजूचे आहेत. प्रामाणिक प्रयत्न म्हणजे 'मला जे वाटलं ते मी केलं' इतकं स्वस्त नव्हे. हाताशी जे ज्ञान आहे ते सगळं वापरून शोधणं, म्हणजे प्रयत्न. ज्या रात्री तारे दिसत नाहीत त्या रात्री अंदाज पुरतो. ज्या रात्री दिसतात, त्या रात्री वर न बघणं हा आळस झाला. २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर शेख मुसझफर अंतराळ स्थानकात गेला, तेव्हा तिथल्या उलेमांनी त्याच्यासाठी पुस्तिका काढली. दीड तासात पृथ्वीला फेरी मारणाऱ्या यानात किब्ला कसा धरायचा? त्यांनी पायऱ्या सांगितल्या: जमलं तर काबाकडे, नाही तर काबाच्या वर आकाशात येणाऱ्या जागेकडे, नाही तर पृथ्वीकडे, तेही नाही तर जमेल तिकडे. सवलत आहे, पण आधी वरची पायरी करून बघायची आहे.

म्हणूनच माझं गप्प बसणं चूक होतं. मी चाचांची श्रद्धा जपतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्यांच्याकडून शोधण्याची संधीच काढून घेतली होती. 'त्यांना सोसणार नाही' असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांना आपण मनातून लहान ठरवलेलं असतं. आजीलाही आम्ही तसंच ठरवलं होतं. ती आता नाही. खिडकी आग्नेयेला आहे हे कळलं असतं तर तिने पाट थोडा डावीकडे सरकवला असता, बस. तिचा जप त्याने मोडला नसता. मोडेल असं आम्हाला वाटलं, कारण तिची भक्ती केवळ सवयीची आहे अशी आमचीच समजूत होती.

आणि भीतीचं काय? 'माझं आडनाव' वगैरे? ती भीती खोटी नव्हती, या शहरात राहणाऱ्याला ती कळेल. पण तिच्या नावाखाली मी शेजाऱ्याशी खरं न बोलण्याची सूट घेतली. आपण सगळे एकमेकांशी इतके जपून बोलू लागलो, तर उरतो तो फक्त शिष्टाचार.

---

चाचांनी माझ्या शब्दावर किंवा ॲपवर विश्वास ठेवला नाही, हे मला आवडलं. "अपनी आँख से देखेंगे," ते म्हणाले. त्याला एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. मक्का कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो: २७-२८ मे आणि १५-१६ जुलै. आपल्या घड्याळात मे महिन्यात तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात, जुलैत २ वाजून ५७ मिनिटं. त्या क्षणी तुम्हाला जिथे सूर्य दिसतो तिथे किब्ला, आणि सावली पडते बरोबर त्याच्या उलट. सुई नको, आकडा नको, फोन नको. जुलैत आपल्याकडे ढग असतात, म्हणून २८ मे धरला.

त्या दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. आम्ही दोन मीटर उंचीवरून ओळंबा सोडला, चाचांनी आकाशवाणीच्या वेळेशी जुळवलेलं घड्याळ हातात धरलं, मिस्त्री खडू घेऊन बसला. २:४८ ला चाचा म्हणाले, "अब." मिस्त्रीने दोरीच्या सावलीवर रेघ मारली. मग गुण्या लावून भिंतीला काटकोनात दुसरी रेघ काढली. सव्वा मीटरवर दोन रेघांमध्ये वीस सेंटिमीटरचं अंतर पडलं. नऊ अंश. मिस्त्रीने आधी सावलीकडे, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वर्षभरापूर्वीचं माझं वाक्य आठवलं.

पुढे कमिटीची बैठक झाली. मौलाना म्हणाले, भिंत मोकळिकीच्या आत आहे, कुणी शंका धरू नये. तरुणांचं म्हणणं, आता कळलंय तर पट्ट्या फिरवा. हिशोब माझ्याकडे मागितला. दहा मीटरच्या सफीत एका टोकाला दीड मीटरहून अधिक सरकावं लागेल, भिंतीलगत तिरपी जागा वाया जाईल, दोन ओळी कमी होतील, शुक्रवारी लोक गल्लीत उभे राहतील. चर्चा शांतपणे झाली. शेवटी ठरलं, पट्ट्या आहेत तशा राहू देत. सगळ्यांची ओळ एक असणं हेही नमाजातच येतं. पुढे कधी इमारत नव्याने बांधली तर भिंतच नऊ अंशांनी वळवायची, हे रजिस्टरात लिहून ठेवलं. म्हणजे बाहेरून पाहिलं तर काहीच बदललं नाही. रेघा त्याच, चूक तीच. फरक इतकाच, की आता ती त्यांनी मोजून, बोलून स्वीकारलेली आहे. वर्षभर ती फक्त माझी होती.

मागच्या महिन्यात चाचांच्या घरी गेलो होतो. बैठकीत त्यांची जानमाज अंथरलेली होती, भिंतीला किंचित तिरपी. पाहुण्याला वाटावं, घाईत टाकलीय. मी सवयीने ती सरळ करायला वाकलो.

"रहने दे," चाचा म्हणाले. "मोजून टाकलीय."